‘न्यू वर्ल्ड’च्या मागचा द्वोर्झाक

२१ मे १८९३ रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्रात एका परदेशी संगीतकाराचं मत छापून आलं आणि अमेरिकेच्या संगीतवर्तुळात खळबळ उडाली. या देशाचं उद्याचं संगीत इथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर उभं राहायला हवं, असं त्याने ठासून म्हटलं होतं. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे ठेवण्याचे कायदे नुकते होऊ लागले होते. मोठ्या शहरांतल्या मैफलींत जर्मन परंपरेचा शब्द अखेरचा मानला जाई, आणि तिथे अंगमेहनत करणाऱ्या, मळ्यांत राबलेल्या माणसांची गाणी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

हे बोलणारा माणूस होता अंतोनिन द्वोर्झाक. वय ५१, मूळचा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा, अमेरिकेत येऊन जेमतेम आठ महिने झालेले. पाहुण्याने यजमानाच्या घरात येऊन असं काही सुनावावं, यामागे त्याचं सगळं आधीचं आयुष्य होतं. अमेरिकेत लिहिलेल्या त्याच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीवर, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या या मोठ्या रचनेवर लिहिताना बहुतेक जण थेट न्यूयॉर्कपासून सुरुवात करतात. मला वाटतं, ती गोष्ट प्रागजवळच्या एका खानावळीपासून सांगितली तरच नीट कळते.

नेलाहोझेवेस हे व्लतावा नदीकाठचं छोटं गाव. तिथे ८ सप्टेंबर १८४१ रोजी द्वोर्झाकचा जन्म झाला. वडील फ्रांतिशेक खाटिक होते, खानावळही चालवायचे आणि झिथर हे तंतुवाद्य वाजवायचे. गावच्या नाचाला, लग्नाला, चर्चला जे संगीत लागे ते गावातलीच माणसं वाजवत. पोरगा व्हायोलिन शिकला तो असाच. पुढे झ्लोनित्से इथे आंतोनिन लीमान नावाचे शिक्षक भेटले. त्यांनी त्याला ऑर्गन आणि स्वरसंगतीचे धडे दिले. तो लहान असतानाच प्रागहून ड्रेस्डेनला जाणारी रेल्वे गावाजवळून गेली, आणि इंजिनांचं वेड त्याला जन्मभरासाठी जडलं. प्रागमध्ये नाव झाल्यावरही तो स्टेशनवर जाऊन गाड्या न्याहाळत उभा राहायचा.

बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग साम्राज्यात होता. सरकारदरबारी, नाटकगृहांत, प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत जर्मन भाषा चाले. चेक ही शेतकऱ्यांची, नोकरचाकरांची भाषा. पण एकोणिसाव्या शतकात चेक भाषेच्या पुनरुत्थानाची चळवळ जोर धरत गेली आणि १८६२ मध्ये प्रागमध्ये चेक नाटकांसाठी हंगामी नाट्यगृह उभं राहिलं. ऑर्गन स्कूलमधून शिकून बाहेर पडलेला द्वोर्झाक तिथल्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवायला बसला. १८६६ पासून तिथली सूत्रं बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराकडे आली. जवळजवळ दहा वर्षं द्वोर्झाक त्या वाद्यवृंदात होता. समोर गाणारे प्रयोगामागून प्रयोग आपल्या भाषेत गात होते, आणि आपल्या भाषेतला ऑपेरा म्हणजे काय ते तो आतून, एकेका सुरासकट शिकत होता. त्या काळात त्याने लिहिलेलं बरंचसं संगीत कुणी ऐकलंही नाही. पहिली सिंफनी एका स्पर्धेला पाठवली ती परत मिळालीच नाही. तिचं हस्तलिखित १९२३ मध्ये सापडलं आणि ती १९३६ मध्ये पहिल्यांदा वाजली, त्याच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी.

गरीब कलावंतांना ऑस्ट्रिया सरकार शिष्यवृत्ती देत असे. द्वोर्झाकने १८७४ मध्ये अर्ज केला आणि पुढच्या वर्षी त्याला ४०० गुल्डन मिळाले. त्यानंतरही तो अर्ज करत राहिला. परीक्षकांत योहानेस ब्राम्स हा नामवंत जर्मन संगीतकार होता, आणि तोच त्याच्या नशिबाचं दार ठरला. १८७७ च्या डिसेंबरात ब्राम्सने बर्लिनचा आपला प्रकाशक झिम्रोक याला पत्र लिहून या चेक माणसाची ‘मोरेव्हियन युगुलगीतं’ छापायला सुचवलं. ती खपली. मग झिम्रोकने नाचांची मागणी केली आणि १८७८ मध्ये ‘स्लाव्होनिक डान्सेस’ आले. बर्लिनच्या एका समीक्षकाने त्यांची वाहवा केली आणि लोकांनी दुकानांत गर्दी केली. संगीतकाराच्या हाती आले ३०० मार्क. प्रकाशकाने त्यावर भरपूर कमावलं.

पण यश येत होतं त्याच सुमारास घरात काय चाललं होतं ते पाहिलं की अंगावर काटा येतो. १८७५ मध्ये जन्मलेली मुलगी दोन दिवसांत गेली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये अकरा महिन्यांच्या रूझेनाने फॉस्फरसचं द्रावण पिऊन जीव गमावला. त्यानंतर महिन्याभरात थोरला ओताकार देवीच्या साथीत गेला, तो दिवस बापाच्या ३६व्या वाढदिवसाचा होता. घरात एकही मूल उरलं नाही. द्वोर्झाकने आधी आराखडा करून बाजूला ठेवलेलं ‘स्ताबात मातेर’ पुन्हा हाती घेतलं. क्रूसाखाली उभ्या असलेल्या आईच्या दुःखाची ती मध्ययुगीन लॅटिन प्रार्थना आहे. ती रचना त्याने त्या नोव्हेंबरात पूर्ण केली. पहिला भागच जवळपास वीस मिनिटांचा आहे. एकच चढता सूर पुन्हा पुन्हा येतो आणि मग सगळे आवाज खाली कोसळत जातात. हे ऐकताना मला त्यात कुठेही सजावट जाणवत नाही.

हीच रचना त्याला इंग्लंडमध्ये घेऊन गेली. १८८४ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने ती स्वतः संचालित केली; समोर आठशेहून जास्त गायक होते. इंग्लंडने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तो तिथे एकूण नऊ वेळा गेला, केंब्रिजने १८९१ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. या कमाईतून व्हिसोका गावी त्याने एक घर केलं, बाग लावली आणि कबुतरं पाळली.

जर्मन बाजारपेठेशी मात्र त्याचं नातं ताणलेलंच राहिलं. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली सहावी सिंफनी तिथे पुढे ढकलत ढकलत राहिली, कारण चेक माणसाची नवी कामं लागोपाठ वाजवायला तिथल्या मंडळींचा विरोध होता. शेवटी तिचा पहिला प्रयोग १८८१ मध्ये प्रागलाच झाला. व्हिएन्नात येऊन राहा, जर्मन ऑपेरा लिहा, असा सल्ला हितचिंतकांकडून मिळत होता. तो गेला नाही. झिम्रोक मुखपृष्ठावर त्याचं नाव जर्मन पद्धतीने ‘आंतोन’ छापायचा. द्वोर्झाकला ते खटकायचं. वाद वाढल्यावर तोडगा निघाला तो ‘आंत.’ एवढंच छापण्याचा, म्हणजे ज्याला जे वाचायचं ते वाचता यावं. १८८५ च्या एका पत्रात त्याने झिम्रोकला लिहिलं की कलावंतालाही मायदेश असतो, त्याच्यावर त्याची घट्ट श्रद्धा आणि उबदार माया असायला हवी. आणि ज्यांच्यापाशी कला आहे ती राष्ट्रं कितीही लहान असली तरी नष्ट होऊ नयेत अशी आशा करूया. ‘हेरल्ड’मधल्या त्या मताचं मूळ मला या पत्रात दिसतं. ज्यांची भाषा आणि गाणी कमी प्रतीची ठरवली जातात, त्यांच्यात जन्मलेला हा माणूस होता.

न्यूयॉर्कला त्याला बोलावलं जॅनेट थर्बर या बाईंनी. नवरा किराणा मालाचा मोठा घाऊक व्यापारी. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या बाईंनी १८८५ मध्ये नॅशनल कंझर्व्हेटरी ही संगीतशाळा काढली होती. तिथे स्त्रियांना, कृष्णवर्णीयांना आणि अपंगांना प्रवेश होता; परवडत नसेल त्याला फी माफ होई. त्या काळाच्या मानाने हे फार मोठं पाऊल होतं, आणि या गोष्टीत थर्बरबाईंचं नाव ओझरतं घेऊन पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. अमेरिकेचं स्वतःचं संगीत घडावं हे त्यांचं स्वप्न होतं. म्हणून ज्याने आपल्या देशात तेच केलं होतं, त्याला त्यांनी संचालक नेमलं. पगार वर्षाला १५,००० डॉलर. प्रागच्या कंझर्व्हेटरीत तो ज्या पगारावर शिकवत होता, त्याच्या कित्येक पट ही रक्कम होती. १८९२ च्या सप्टेंबरात तो पत्नी आणि दोन मुलांसह न्यूयॉर्कला उतरला. बाकीची चार मुलं आजीकडे राहिली.

पूर्व १७व्या रस्त्यावरच्या ३२७ क्रमांकाच्या घरात त्याचा मुक्काम होता. तिथे कंझर्व्हेटरीतला एक विद्यार्थी येऊ लागला, हॅरी बर्ली. पेन्सिल्वेनियातल्या ईरी गावचा, १८६६ मध्ये जन्मलेला. त्याचे आजोबा गुलाम होते, त्यांनी पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली होती. डोळे अधू झालेले, तरी ते गावातले दिवे पेटवण्याचं काम करत, आणि नातू त्यांना सोबत करी. गुलामांच्या वस्तीतली भजनं, ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात, बर्लीने या आजोबांच्या तोंडून ऐकली होती. तीच तो संध्याकाळी द्वोर्झाकला गाऊन दाखवायचा. द्वोर्झाक मध्येच थांबवून विचारायचा, गुलाम खरंच असंच गात होते का? बर्ली त्याच्या रचना वर्गात नव्हता. तो त्याच्या स्वरलेखनाच्या नकला करून द्यायचा. पण या संध्याकाळी कोण कुणाला शिकवत होतं, हे सांगायला नकोच.

१० जानेवारी १८९३ ला द्वोर्झाकने नव्या सिंफनीच्या नोंदी सुरू केल्या आणि २४ मे रोजी ती पूर्ण केली. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर त्याने देवाचे आभार मानले आहेत, आणि तिथेच एक घरगुती नोंद आहे: मुलं साउथॅम्प्टनला पोचली, तार आली. मागे राहिलेली चार मुलं उन्हाळ्यासाठी यायला निघाली होती, आणि बोट कुठवर आली याकडे बापाचं लक्ष लागलं होतं. ज्या सिंफनीत लोक ‘नव्या जगाचं’ वर्णन शोधतात, तिच्यात घरची ओढ किती आहे ते या एका ओळीतून समजतं.

तिच्या दुसऱ्या, संथ भागातली इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्यावरची धून जगभर माहीत आहे. सुरुवातीचा तुकडा आपल्या सरगमीत लिहिला तर असा होईल: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. म्हणजे भूपाचेच स्वर. पुढे निषाद येतो आणि भूप मोडतो, शिवाय खालून वाद्यवृंदाची स्वरसंगती चालू असते, त्यामुळे त्याला राग म्हणण्यात अर्थ नाही. पण पाच स्वरांची ही चौकट स्पिरिच्युअल्समध्ये सापडते, स्कॉटिश गाण्यांत सापडते, आपल्याकडेही आहे. ती धून ज्याला त्याला आपल्या घरची वाटते त्याचं एक कारण हे असावं. द्वोर्झाकने मात्र कुठलंही तयार गाणं उचललेलं नव्हतं. तशा वळणाच्या स्वतःच्या धुना मी रचल्या, असं तो सांगत असे. लाँगफेलोच्या ‘हायवाथा’ काव्याचा चेक अनुवाद त्याने वाचलेला होता, आणि तिसऱ्या भागामागे त्या काव्यातला मूलनिवासींच्या नाचाचा प्रसंग आहे, हेही त्याने सांगितलं.

१६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये आंतोन झायडलच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती सादर केली. द्वोर्झाक बॉक्समध्ये बसला होता आणि टाळ्या थांबेनात, तेव्हा एखाद्या राजासारखं उठून अभिवादन करावं लागलं, असं त्याने झिम्रोकला कळवलं. तो अमेरिकेत असताना त्याच्या कामांची मुद्रितं बर्लिनसाठी तपासली ब्राम्सने. साठीला पोचलेला, स्वतः नावाजलेला संगीतकार दुसऱ्याची मुद्रितं तपासत बसतो, याला कोणत्या शब्दांत मानावं कळत नाही.

‘हेरल्ड’मधल्या मतावर टीका झाली ती मुख्यतः बॉस्टनहून. तिथल्या संगीतकारांची मतं मागवली गेली. एमी बीच या तरुण संगीतकर्तीने लिहिलं की उत्तरेकडच्या लोकांनी आपल्या इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश वाडवडिलांच्या गाण्यांकडे पाहावं. तिने पुढे ‘गेलिक सिंफनी’ लिहिली. १८९६ मध्ये बॉस्टनला वाजलेली ही रचना आयरिश गाण्यांवर उभी आहे. विरोधातूनही द्वोर्झाकचा प्रश्न कामाला लागला तो असा.

द्वोर्झाकचं काय चुकलं तेही सांगितलं पाहिजे. कृष्णवर्णीयांचं आणि मूलनिवासींचं संगीत जवळजवळ एकच आहे, असं तो म्हणून बसला. मूलनिवासींचं गाणं त्याने फारसं प्रत्यक्ष ऐकलेलं नव्हतं. जे ऐकलं ते गावोगाव फिरणाऱ्या औषधविक्यांच्या खेळांत किंवा छापील नोंदींतून. स्टीफन फॉस्टरची गाणीही त्याने त्याच टोपलीत टाकली, जी तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्यांच्या रंगमंचावरून लोकप्रिय झाली होती. पण तो नुसता बोलून थांबला नाही. २३ जानेवारी १८९४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभागृहात त्याने एक मदतनिधीचा कार्यक्रम केला. फॉस्टरच्या गाण्याची त्याने केलेली नवी मांडणी सिसिएरेटा जोन्स आणि बर्ली या दोघा कृष्णवर्णीय गायकांनी गायली आणि साथीला कृष्णवर्णीयांचा कोरस होता. त्या वर्षी, त्या शहरात, हे घडवून आणणं सोपं नव्हतं.

त्याआधी, १८९३ च्या उन्हाळ्यात तो आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या चेक वसाहतीत राहिला. त्याचा सेक्रेटरी योसेफ कोव्हार्झिक तिथलाच. पहाटे ओढ्याकाठी फिरायचं, सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हाताऱ्या वसाहतवाल्यांकडून त्यांच्या पहिल्या वर्षांच्या हालअपेष्टा ऐकायच्या. तिथे तीन दिवसांत त्याने ‘अमेरिकन’ चौकडीचा, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा आराखडा संपवला. माणसं थोडी आणि मोकळी जागा अफाट, निराश व्हावं इतकं उदास, असं त्याने त्या गवताळ प्रदेशाबद्दल एका मित्राला लिहिलं.

१८९३ च्या आर्थिक संकटात थर्बर कुटुंबाची घडी विस्कटली, पगार थकू लागला, आणि १८९५ च्या एप्रिलमध्ये द्वोर्झाक परतला. येताना सोबत चेलो कॉन्चेर्टो होता, म्हणजे एकल चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. त्याची मेहुणी योसेफिना, जिच्यावर तरुणपणी त्याचं प्रेम होतं, आजारी असल्याची बातमी त्याला न्यूयॉर्कमध्येच कळली होती, आणि तिच्या आवडत्या गाण्याची चाल त्याने दुसऱ्या भागात गुंफली. तो घरी पोचल्यावर महिन्याभरात ती गेली. मग त्याने शेवट पुन्हा लिहिला आणि ते गाणं तिथेही आणलं. ज्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला त्या हानुश विहानला शेवटाला आपली करामत दाखवणारा तुकडा हवा होता. द्वोर्झाकने साफ नकार दिला. आज त्या शेवटच्या पानांवर चेलो हळूहळू खाली उतरत जातो, तो तसाच राहिला त्या नकारामुळे.

१ मे १९०४ रोजी प्रागमध्ये त्याचा मृत्यू झाला. मायदेशी त्याची परंपरा सरळ चालली: जावई योसेफ सुक, विद्यार्थी नोव्हाक, आणि लेओश यानाचेक, ज्याने त्याची ‘रानकबुतर’ ही रचना ब्रनो शहरात पहिल्यांदा वाजवली. अमेरिकेतला प्रवास जास्त वाकडातिकडा आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

बर्ली १८९४ मध्ये सेंट जॉर्ज चर्चचा एकलगायक झाला. श्रीमंत गोऱ्यांचं चर्च, द्वोर्झाकच्या घरापासून चार पावलांवर. तिथे तो ५२ वर्षं गायला. १९१७ च्या सुमारास त्याने ‘डीप रिव्हर’ हे स्पिरिच्युअल एका गायकासाठी पियानोच्या साथीसह लिहून काढलं आणि ही गाणी मैफलींत शिरली. मॅरियन अँडरसनसारख्या गायिकांनी ती जगभर नेली. विल मॅरियन कुक हा दुसरा विद्यार्थी ब्रॉडवेकडे वळला आणि पुढे जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला त्याने रस्त्याने चालता चालता रचनेचे धडे दिले. रूबिन गोल्डमार्क द्वोर्झाककडे शिकला, आणि आरन कोपलंड हा पुढचा नामवंत अमेरिकन संगीतकार गोल्डमार्ककडे शिकला. संगीतकार गर्श्विनही थोडे दिवस गोल्डमार्ककडे गेला होता. त्या संथ भागातल्या धुनेला विल्यम आर्म्स फिशर या आणखी एका विद्यार्थ्याने १९२२ मध्ये शब्द दिले, ‘गोइंग होम’. ते इतकं पसरलं की आजही अनेकांना ते जुनं स्पिरिच्युअलच वाटतं. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मृतदेह वॉर्म स्प्रिंग्जहून निघाला, तेव्हा ग्रॅहम जॅक्सन या कृष्णवर्णीय वादकाने रडत रडत अकॉर्डियनवर तेच वाजवलं. चेक माणसाने कृष्णवर्णीयांकडून ऐकून रचलेली धून त्यांच्याच दुःखाचं गाणं झाली होती.

सिंफनीच्या बाबतीत मात्र द्वोर्झाकचं भाकीत अडखळलं. १५ जून १९३३ ला शिकागो सिंफनीने फ्लॉरेन्स प्राइस यांची ई मायनरमधली सिंफनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची रचना अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने सादर करण्याची ही पहिलीच वेळ. ई मायनर ही पट्टी ‘न्यू वर्ल्ड’चीच, आणि तिसऱ्या भागात मळ्यांवरच्या गुलामांचा ‘जुबा’ नाच. पुढच्या वर्षी विल्यम डॉसन यांची सिंफनी फिलाडेल्फियात संचालक स्तोकोव्स्कीने उचलून धरली. दोन्हींचं कौतुक झालं, आणि मग वाद्यवृंदांनी त्या बाजूला ठेवल्या. प्राइस यांनी नामवंत संचालकांना पत्रं लिहिली, फारसं काही हाती लागलं नाही. १९५३ मध्ये त्या गेल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी एका पडक्या घराची डागडुजी करताना त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांत दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो होते आणि चौथी सिंफनीही. ती चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली २०१८ मध्ये, आर्कान्सॉमधल्या फोर्ट स्मिथच्या वाद्यवृंदाने.